मॉन्तेरियानोचा दंतवैद्य : फॉर्स्टर यांच्या कादंबरीतील टेकडीवरचे नगर आणि पाहुण्यांची गर्दी

प्रस्तावना

इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना जिल्ह्यात सान जिमिन्यानो हे तटबंदीने वेढलेले मध्ययुगीन नगर एका टेकडीवर वसलेले आहे. द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा यांच्यावर उभे राहिलेले त्याचे दगडी मनोरे दूरवरून नजरेत भरतात. १९९० मध्ये युनेस्कोने या नगराच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आज त्याच्या अरुंद रस्त्यांतून, विशेषतः उन्हाळ्यात, पर्यटकांची एवढी दाटी असते की नगर पाहायला आलेल्या माणसाला प्रामुख्याने नगर पाहायला आलेली इतर माणसेच दिसतात.

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९-१९७०) यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड’ या आपल्या पहिल्या कादंबरीत हेच नगर ‘मॉन्तेरियानो’ या काल्पनिक नावाने उभे केले. फॉर्स्टर यांना कादंबरीचे नावही ‘मॉन्तेरियानो’ असेच ठेवायचे होते. प्रकाशकाला ते मान्य झाले नाही. शेवटी अलेक्झांडर पोप यांच्या १७११ मधील समीक्षाविषयक काव्यातील एका प्रसिद्ध ओळीवरून आजचे शीर्षक आले. हा बदल केवळ ग्रंथेतिहासाचा भाग मानून सोडून देता येत नाही. मूळ शीर्षकाचा भर नगरावर होता. बदललेल्या शीर्षकाचा भर त्या नगरात आगंतुकपणे शिरणाऱ्यांवर आहे. नगर आणि त्यात शिरणारे पाहुणे या दोहोंच्या ताणातच कादंबरीचा खरा विषय सामावलेला आहे.

या कादंबरीची समीक्षा बहुधा इंग्लंड विरुद्ध इटली, रूढी विरुद्ध उत्स्फूर्तता, सॉस्टन या उपनगराचा कोतेपणा विरुद्ध मॉन्तेरियानोचा मोकळेपणा अशा द्वंद्वांच्या आधारे केली जाते. ही मांडणी चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. सुंदर म्हणून पाहिल्या जाणाऱ्या नगरात राहण्याचा, सामान्य धंदा करण्याचा आणि सामान्य आयुष्य जगण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न या कादंबरीच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुषंगाने कादंबरीची चिकित्सा करण्यात आली असून, आजच्या पर्यटक-गर्दीच्या संदर्भात तिचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासण्यात आल्या आहेत.

वास्तव नगर आणि कल्पित नगर

सान जिमिन्यानोचा उत्कर्ष ‘विया फ्रांचिजेना’ या यात्रामार्गामुळे झाला. उत्तर युरोपातून रोमकडे जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी या मार्गाने जात. दहाव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना येथे थांबल्याची नोंद आहे. म्हणजेच या नगराच्या समृद्धीचा पाया पाहुण्यांनीच घातला, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. केशराचा व्यापार वाढला. ११९९ मध्ये नगर स्वायत्त झाले. श्रीमंत घराण्यांनी वर्चस्व दाखविण्यासाठी एकापेक्षा एक उंच मनोरे बांधले. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची या घराण्यांचे वैर विशेष गाजले. परंपरेने एकूण ७२ मनोऱ्यांचा उल्लेख केला जातो. त्यांपैकी १४ आज उभे आहेत. १३११ मध्ये पूर्ण झालेला ‘तोर्रे ग्रोस्सा’ हा ५४ मीटर उंचीचा मनोरा त्यांत सर्वांत उंच आहे. १३०० मध्ये कवी दान्ते फ्लोरेन्सचा दूत म्हणून येथे आला होता.

१३४८ च्या प्लेगने नगराचे कंबरडे मोडले आणि १३५३ मध्ये ते फ्लोरेन्सच्या अधीन झाले. यात्रामार्गाचे महत्त्वही ओसरले. पैसा आणि माणसे दोन्ही आटल्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत नगराला उरली नाही. फ्लोरेन्समध्ये आणि अन्यत्र असे मनोरे पाडले गेले किंवा खुजे झाले; येथे ते टिकले. ज्याला आज ‘जतन झालेले मध्ययुग’ म्हटले जाते ते बऱ्याच अंशी दारिद्र्याने गोठवलेले मध्ययुग आहे. त्यातही सारेच जुने नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत, फॅसिस्ट राजवटीच्या काळात, इटलीतील अनेक नगरांचे ‘मध्ययुगीनीकरण’ कसे करण्यात आले याचे विवेचन डी. मेदिना लासान्स्की यांनी ‘द रेनेसाँस परफेक्टेड’ (२००४) या ग्रंथात केले आहे आणि त्यात सान जिमिन्यानोचाही समावेश आहे. नंतरच्या काळातील भर काढून टाकून नगर अधिक ‘अस्सल’ दिसावे अशी ती खटपट होती.

फॉर्स्टर १९०१-०२ मध्ये आईसह इटलीत फिरले, तेव्हा ही डागडुजी व्हायची होती. त्यांच्या कल्पित मॉन्तेरियानोत एकेकाळच्या ५२ मनोऱ्यांपैकी १७ उरले आहेत. काही नुसते बुंधे आहेत, काही कलले आहेत, काही ताठ आहेत. विशेष म्हणजे कादंबरीच्या प्रारंभी फिलिप हेरिटन आपल्या भावजयीला जी गावे पाहायला सांगतो त्या यादीत सान जिमिन्यानो आणि मॉन्तेरियानो ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतात. कल्पित नगराला वास्तव नगराच्या शेजारी बसवून लेखकाने वाचकाला एक सूचना दिली आहे. मॉन्तेरियानो हे सान जिमिन्यानोचे वर्णन नसून, पाहुण्याच्या मनात तयार होणाऱ्या ‘टेकडीवरच्या नगराची’ ती प्रतिमा आहे.

मार्गदर्शिकेतील नगर

कादंबरीत मॉन्तेरियानोचा पहिला सविस्तर परिचय कोणत्याही पात्राच्या डोळ्यांनी होत नाही. लिलिया हेरिटन ही तेहतीस वर्षांची विधवा इटलीच्या प्रवासात असताना तेथेच लग्न ठरवते. ही बातमी कळल्यावर तिची सासू मिसेस हेरिटन बेडेकरची प्रवासमार्गदर्शिका काढून मॉन्तेरियानोची नोंद वाचते. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या या लाल बांधणीच्या पुस्तिका त्या काळी युरोपभर प्रमाण मानल्या जात. फॉर्स्टर यांनी रचलेली ही नोंद विडंबनाचा उत्तम नमुना आहे. लोकसंख्या, उपाहारगृहे, टपालकचेरी, घोडागाडीचे भाडे, पाहण्याजोग्या वास्तू, त्यांना लागणारा वेळ, सूर्यास्ताचे दृश्य कोठून पाहावे, इतिहासाचे चार शब्द, एक तुरुंग, आणि सर्वांत शेवटी एका वाक्यात रहिवाशांच्या चांगल्या वागण्याबद्दलचा शेरा.

या नोंदीचा क्रमच बोलका आहे. दोन-तीन तासांत नगर ‘होते’. माणसांचा नंबर तुरुंगानंतर लागतो. फिलिपसारख्या रसिकाला या कोरड्या मजकुरातही काव्य जाणवते, तर मिसेस हेरिटनला त्यातील एकही तपशील मोलाचा वाटत नाही. वरवर पाहता फिलिप संवेदनशील आणि आई अरसिक असा विरोध येथे दिसतो. परंतु दोघांच्या वाचनात एक गोष्ट समान आहे : त्या नगरात राहणाऱ्या माणसांविषयी दोघांनाही कुतूहल नाही. आईला ती माणसे नकोत, कारण ती परकी आहेत. मुलाला ती केवळ दृश्याचा भाग म्हणून हवी आहेत. लेखकाचा उपरोध आईवर जितका आहे तितकाच, किंबहुना अधिक सूक्ष्मपणे, मुलावर आहे.

दंतवैद्याचा प्रश्न

हे लग्न मोडण्यासाठी फिलिप मॉन्तेरियानोला येतो. स्थानकावरून टेकडी चढणाऱ्या गाडीत लिलियाची सोबतीण कॅरोलिन ॲबट त्याला सांगते की वराचे, म्हणजे जीनो कारेल्लाचे, वडील दंतवैद्य आहेत. या वाक्याने फिलिप शहारतो. एट्रुस्कन संघ, रोमन शांतता, मध्ययुगातील संतमहंत आणि लढाया, पुनरुज्जीवनकाळातील कला या साऱ्यांच्या भूमीत कवळ्या आणि दात उपटण्याची खुर्ची त्याला असह्य होते. त्या क्षणी तो लिलियाचा विचार करीतच नाही. आपल्या मनातील स्वप्नभूमीचे काय होणार, एवढीच त्याला काळजी लागते. त्यावर निवेदकाचे भाष्य असे की खऱ्या अद्भुतरम्यतेला अशा धक्क्याने काही होत नाही. विसंगतीच्या एका स्पर्शाने जी भावुकता ढिली पडते ती खोटी असते आणि ती लवकर गेलेली बरी.

हा प्रसंग विनोदी म्हणून सर्वांच्या लक्षात राहतो. त्याचा गंभीर अर्थ मात्र दुर्लक्षित राहतो. फिलिपने इटलीवर प्रेम केले, घरी परतल्यावर इटलीच्या सौंदर्याचा प्रचार केला, इंग्रजी मध्यमवर्गाच्या कुरूपतेवर टीका केली. तरीही त्याच्या प्रेमात दंतवैद्याला जागा नाही. दात दुखणे ही माणसाची सार्वकालिक व्यथा आहे; मॉन्तेरियानोतल्या लोकांनी दात दुखल्यावर कोठे जावे, असा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. जुन्या दगडांवरील ज्या प्रेमात त्या दगडांमध्ये राहणाऱ्यांच्या गरजांना स्थान नसते, ते प्रेम म्हणजे सभ्य वेषातील तुच्छता होय. फॉर्स्टर यांनी ही तुच्छता अरसिकात न दाखवता रसिकात दाखविली, हे या कादंबरीचे सर्वांत मोठे धाडस आहे.

समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७० च्या दशकात पर्यटकाच्या ‘अस्सल’तेच्या शोधाची आणि त्याच्यासाठी मांडून दाखविल्या जाणाऱ्या अस्सलपणाची चर्चा केली. जॉन अरी यांचा ‘द टुरिस्ट गेझ’ हा ग्रंथ १९९० मध्ये, म्हणजे सान जिमिन्यानोला वारसा-दर्जा मिळाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पर्यटकाची नजर ही नैसर्गिक नसून समाजाने घडविलेली असते, हे त्यांचे प्रतिपादन. फॉर्स्टर यांच्यापाशी ही परिभाषा नव्हती. परंतु फिलिपच्या शहारण्यात हा विचार पात्राच्या देहबोलीसह आधीच साकार झाला होता.

पाहुणी ते रहिवासी : लिलिया

कादंबरीतील इंग्रज पात्रांपैकी मॉन्तेरियानोत खऱ्या अर्थाने राहते ती एकटी लिलिया. तिला कलेची जाण नाही, इतिहास ठाऊक नाही. फिलिप तिला बुद्धिहीन समजतो. तरीही पाहुणेपणा ओलांडण्याची किंमत तीच मोजते. वेशीबाहेरच्या घरात तिचा संसार सुरू होतो. लवकरच तिच्या लक्षात येते की ज्या चौकाची, उपाहारगृहाची, रस्त्यावरच्या हास्यविनोदाची भुरळ पडली होती ते सारे पुरुषांचे जग आहे. जीनोला मित्रांसोबत संध्याकाळ घालविण्याची पूर्ण मुभा आहे. लिलियाने एकटीने फिरायला जाणे मात्र त्याला खपत नाही. मित्रांत वत्सल असणारा हा माणूस पत्नीशी कठोर होतो. इंग्लंडमधल्या चहापानाच्या बैठकी तिला कंटाळवाण्या वाटत होत्या; येथे तेवढाही सहवास उरत नाही. मुलाला जन्म देऊन ती मरण पावते.

दक्षिणेकडच्या या मोकळ्या बंधुभावाचा उपभोग पुरुष घेतात आणि त्याचा भार स्त्रिया वाहतात, हे निवेदकाने स्पष्टपणे नोंदविले आहे. त्यामुळे ही कादंबरी इटलीचे भाबडे गुणगान ठरत नाही. पाहुण्याला चौक दिसतो, चौकाला लागून असलेली बंद खिडकी दिसत नाही. ती रहिवाशालाच दिसते. लिलियाच्या शोकांतिकेने हे अंतर उघड केले आहे.

तथापि येथेच कादंबरीची एक मर्यादाही जाणवते. लिलियाच्या मृत्यूनंतर निवेदनाची सहानुभूती झपाट्याने जीनोकडे वळते. कॅरोलिन बाळाच्या ताब्यासाठी त्याच्या घरी जाते, त्याचे वात्सल्य पाहते आणि बाळाला अंघोळ घालण्यास मदत करते. या प्रसंगाला लेखकाने धार्मिक चित्राची प्रभा दिली आहे. लिलियाचे एकाकीपण मात्र मागे पडते. घरातील मोलकरीण पेरफेत्ता विनोदापुरतीच उरते. नगरातील स्त्रियांचा आवाज कादंबरीत जवळजवळ नाहीच. इटालियन माणूस म्हणजे भावनांचा स्रोत, इंग्रज माणूस म्हणजे विचारांचा कोरडेपणा, ही विभागणीही शेवटी एक प्रकारची मार्गदर्शिकाच ठरते. फिलिपने दगड पाहिले, फॉर्स्टर यांनी माणसे पाहिली. पण त्या माणसांकडून काय घ्यायचे हे त्यांनीही काही प्रमाणात आधीच ठरविले होते.

दोन प्रकारची गर्दी

या मर्यादेसह कादंबरीतील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा ठरतो. बाळाला परत आणण्यासाठी फिलिप आणि त्याची बहीण हॅरिएट पुन्हा मॉन्तेरियानोला येतात. एका रात्री ते कॅरोलिनसह गावातल्या छोट्या नाट्यगृहात दोनीझेत्ती यांचा ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ हा ऑपेरा पाहायला जातात. नाट्यगृह भडक रंगांनी सजविलेले आहे. प्रेक्षक बोलतात, ओळखीच्यांना हाका मारतात, गायिकेला दाद देतात, फुले फेकतात. हॅरिएट या गोंगाटाने संतापून निघून जाते. फिलिपला मात्र येथेच नगर प्रथम भेटते. जीनो आणि त्याचे मित्र त्याला आपल्यात ओढून घेतात. ज्याच्याविरुद्ध तो आला आहे त्याच्याच हाताला धरून तो त्या आनंदात सामील होतो.

हीसुद्धा गर्दीच आहे. पण ती नगराची स्वतःची गर्दी आहे. ती पाहुण्यासाठी जमलेली नाही. तिला मार्गदर्शिकेत तारांकन नाही. सजावट शुद्ध अभिरुचीची नाही, संगीत निर्दोष नाही, तरीही तेथे कोणी कोणाचे दृश्य बनलेले नाही. फिलिपचे मन पालटण्यास प्राचीन भित्तिचित्रे कारणीभूत होत नाहीत, ही अभिरुचिहीन, जिवंत गर्दी कारणीभूत होते.

गर्दीविषयीचे हे आकर्षण फॉर्स्टर यांच्या पुढील लेखनात अधिक खोल झाले, आणि त्यामागे मराठी भाषकांना जवळचा वाटावा असा एक अनुभव आहे. १९१२-१३ च्या भारतभेटीत फॉर्स्टर माळव्यातील देवास संस्थानात गेले. १९२१ मध्ये थोरल्या पातीचे मराठा संस्थानिक तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काम केले. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. देवासच्या टेकडीवरील देवीवरून नाव घेतलेले ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) हे पुस्तक आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीचा ‘मंदिर’ हा अखेरचा भाग यांत तो अनुभव उतरला आहे. त्या भागात दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक नारायण गोडबोले कृष्णजन्माच्या गर्दीत उभे राहून तुकारामांना आळविणारे भजन गातात. तेथेही सजावट विसंगत आहे, फलकावरील अक्षरे चुकली आहेत, गोंगाट आहे. आणि तेथेही त्या अव्यवस्थेतूनच आत्मीयतेचा क्षण उगवतो. मॉन्तेरियानोचे नाट्यगृह ही या मंदिराची पूर्वतयारी होती असे म्हणणे वावगे ठरू नये. व्यवस्थित सौंदर्याची मागणी बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्यांच्या गर्दीत प्रवेश मिळत नाही, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

मनोरा, संत आणि प्रेक्षक

मॉन्तेरियानोच्या चौकातील एका मनोऱ्यासंबंधी फिलिप आणि कॅरोलिन बोलतात. मनोऱ्याचा माथा उन्हात झळकतो आहे. पायथा सावलीत असून त्यावर जाहिराती चिकटविलेल्या आहेत. हा मनोरा नगराचे प्रतीक आहे काय, असा प्रश्न निघतो. रसिक पाहुणा माथ्याकडे पाहतो. रहिवाशाचा संबंध पायथ्याशी येतो. मनोरा एकच आहे आणि जाहिराती खरवडून काढल्या म्हणजे तो अधिक मध्ययुगीन होत नाही, हे फॉर्स्टर यांनी एका चित्रातून सुचविले आहे.

नगराची संरक्षक संत सांता देओदाता हे दुसरे प्रतीक होय. सान जिमिन्यानोची संत सांता फीना ही १२५३ मध्ये अल्पवयात मरण पावलेली मुलगी. आजारपणात ती वर्षानुवर्षे लाकडी फळीवर निजून राहिली आणि मृत्यूनंतर त्या फळीवर व्हायोलेटची फुले उमलली अशी आख्यायिका आहे. तेथील मुख्य चर्चमधील तिच्या छोट्या प्रार्थनागृहात गिर्लांदायो यांनी रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. फॉर्स्टर यांनी या कथेला उपरोधाची कलाटणी दिली. त्यांची देओदाता उताणी पडून असते. सैतानाने तिच्या आईला जिन्यावरून पाडले तरी ती आईला उचलत नाही आणि त्याच बळावर स्वर्गपदाला पोहोचते. याच संताच्या चर्चमध्ये कॅरोलिन फिलिपला सुनावते की त्याला सारे समजते, सर्व बाजू दिसतात, पण तो काहीच करीत नाही. संत आणि फिलिप यांतील साम्य येथे स्पष्ट होते. दोघेही पाहतात, पडलेल्याला उचलत नाहीत.

या अकृतीचा परिणाम भीषण होतो. हॅरिएट बाळाला पळवून नेते; पावसात, अंधारात गाडी उलटते आणि बाळ दगावते. वसंताच्या आरंभी ज्या वनात व्हायोलेट फुलली होती त्याच वनाच्या वाटेवर हा अपघात घडतो. निसर्गदृश्य म्हणून आधी आलेली जागा मृत्यूची जागा बनते. नगराकडे दृश्य म्हणून पाहणाऱ्यांच्या हातून त्या नगराचे मूल मरते, एवढा कठोर निवाडा फॉर्स्टर यांनी विनोदी वाटणाऱ्या कादंबरीत दिला आहे.

आजचे नगर आणि फिलिपचा विजय

आजच्या सान जिमिन्यानोकडे या कादंबरीच्या प्रकाशात पाहिले असता एक विपरीत चित्र समोर येते. फिलिपचे स्वप्न साकार झाले आहे. संपूर्ण नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेसात हजार असली, तरी तटबंदीच्या आत राहणारे त्यांतील थोडेच. गाड्या वेशीबाहेर थांबतात. फ्लोरेन्स आणि सिएनाहून सकाळी आलेले बहुसंख्य पाहुणे संध्याकाळी परततात. मुख्य रस्त्यांवर चामड्याच्या वस्तू, मातीची रंगीत भांडी, आइस्क्रीम आणि वेर्नाच्चा या स्थानिक मद्याची दुकाने आहेत. मध्ययुगीन छळयंत्रांचे संग्रहालयही आहे. एकेकाळची खरी वेदना तेथे तिकीट काढून पाहण्याची वस्तू झाली आहे. पाहुण्याला लागणारे सारे तटबंदीच्या आत सहज मिळते. रहिवाशाला लागणारे हळूहळू टेकडीखाली सरकते. अशा नगरातून दंतवैद्य निघून गेला तर त्याला कोणी हाकलले असे म्हणता येत नाही. त्याच्या जागेचे भाडे दुसरे कोणी अधिक देते, एवढेच घडते.

लात्सिओ प्रांतातील चिविता दी बान्योरेज्जो या टेकडीवरच्या गावाचे उदाहरण याहून टोकाचे आहे. झिजणाऱ्या कड्यावरील या गावी केवळ पादचारी पुलावरून जाता येते. कायम राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि २०१३ पासून प्रवेशासाठी शुल्क आकारले जाते. २०२४ मध्ये व्हेनिसनेही ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ केला. गावात शिरण्यासाठी तिकीट लागू लागले की गाव आणि संग्रहालय यांतील सीमारेषा पुसट होते.

या चित्राची दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. पर्यटनाच्या उत्पन्नाशिवाय हे मनोरे आणि तट सांभाळणे कठीण आहे. २०१८ मध्ये सान जिमिन्यानोच्या मध्ययुगीन तटाचा काही भाग कोसळला होता, यावरून या जबाबदारीची कल्पना येते. पर्यटनामुळे अनेक कुटुंबांना उपजीविका मिळाली. १९६६ मध्ये वेर्नाच्चाला इटलीतील पहिले भौगोलिक मूळदर्शक मानांकन मिळाले आणि आसपासच्या शेतीला आधार झाला. शिवाय हे नगर मुळातच वाटसरूंच्या पैशावर वाढले होते. म्हणून ‘पाहुणे वाईट, एकांत चांगला’ असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. तसा निष्कर्ष काढणारा पुन्हा फिलिपच असतो, कारण त्यालाही इतर पर्यटक नकोच असतात. वहिवाटीच्या मार्गापासून दूर जा, हा त्याचाच लिलियाला दिलेला सल्ला होता. आज तो सल्ला प्रत्येक मार्गदर्शिका देते आणि त्यातूनच लहान गावांतील गर्दी वाढते.

खरा भेद पाहुण्यांच्या संख्येचा नसून नात्याचा आहे. मध्ययुगातील यात्रेकरू नगरात थांबत असे. त्याला जेवण, निवारा, खोगिराची दुरुस्ती, औषधपाणी लागत असे. त्याच्या गरजा आणि रहिवाशाच्या गरजा एकाच बाजारात भागत. आजच्या एका दिवसाच्या पाहुण्याच्या गरजा वेगळ्या आहेत. त्या भागविणारा बाजार रहिवाशाच्या उपयोगाचा नाही. इतालो काल्विनो यांनी ‘अदृश्य नगरे’ (१९७२) या पुस्तकात ज्या माउरीलिया नगराची कल्पना केली आहे, तेथे पाहुण्याला जुन्या नगराची चित्रपत्रे पाहून त्यांची स्तुती करावी लागते. सान जिमिन्यानोत नगर आणि चित्रपत्र यांत अंतर राहू नये यासाठीच सारी यंत्रणा राबते आहे.

समारोप

‘व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड’ ही एका तरुण लेखकाची पहिली कादंबरी आहे. तिच्यात योगायोगांची रेलचेल आहे, इटालियन स्वभावाविषयी काही ठोकळेबाज गृहीतके आहेत आणि स्थानिक स्त्रियांच्या बाबतीत ती मुकी आहे. या त्रुटी मान्य करूनही तिचे मोल कमी होत नाही. सौंदर्याची आवड माणसाला आपोआप उदार बनवीत नाही, हे तिने रसिक नायकाच्या माध्यमातून दाखवून दिले. साहित्य, कला आणि इतिहास शिकविणाऱ्यांनी विशेष गांभीर्याने घ्यावा असा हा इशारा आहे. कारण जुन्या वास्तूंविषयीची ओढ निर्माण करणे हे त्यांचे काम असते आणि ती ओढ त्या वास्तूंभोवती राहणाऱ्या माणसांपाशी पोहोचते की नाही, हे क्वचितच तपासले जाते.

वारसा-नगरांच्या व्यवस्थापनाचे मोजमाप बहुधा किती पाहुणे आले आणि किती वास्तू दुरुस्त झाल्या यावर केले जाते. फॉर्स्टर यांची कादंबरी याहून साधी आणि अधिक कठीण कसोटी सुचविते. तटबंदीच्या आत दात दुखणारा माणूस राहतो का, आणि त्याच्यासाठी दंतवैद्य आहे का? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तोवर ते नगर आहे. ते नकारार्थी झाले की मनोरे कितीही उंच असोत, उरते ते फिलिपचे स्वप्न. आणि त्या स्वप्नात इतरांना जगता येत नाही, हे मॉन्तेरियानोच्या कथेने १९०५ मध्येच सांगून ठेवले आहे.